सुताराची मजुरी आणि पोलादाचा घसारा

28 फेब्रुवारी 2025 रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कात ‘किंगडा का’ सुरुंग लावून पाडला. 456 फुटांचा, तेव्हाचा जगातला सर्वांत उंच रोलर कोस्टर. न्यू जर्सीत ज्यांचे भाचे-पुतणे आहेत अशा पुण्या-ठाण्याच्या बऱ्याच मंडळींनी तो निदान खालून मान वर करून तरी पाहिलेला असतो. 2005 मध्ये तो सुरू झाला आणि 2024 नंतर पुन्हा उघडलाच नाही. तिथून फार लांब नाही अशा ब्रुकलिनच्या कोनी आयलंडवर मात्र 1927 साली सुरू झालेला ‘सायक्लोन’ अजून माणसं घेऊन धावतो. त्याचे रूळ लाकडाचे आहेत. एवढं डोळ्यांसमोर असूनही कोस्टरच्या शौकिनांत आणि पार्कवाल्यांत वाद निघाला की एक वाक्य सगळेच मान्य करून टाकतात: लाकूड परवडत नाही. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, परवडत नसलं तरी वारसा आहे, जपा. दुसरा म्हणतो, वारसा हवा तर संग्रहालयात ठेवा, पार्क हा धंदा आहे. भांडण भावना आणि हिशेब यांच्यात लागतं आणि अशा भांडणात शेवटी कोण जिंकतं हे सांगायला नको.

माझा आक्षेप मूळ वाक्यालाच आहे. लाकडी कोस्टर महाग नाही. त्याचा खर्च दरवर्षी दिसतो, इतकंच. पोलादी कोस्टरचा खर्च सुरुवातीला भांडवलात जिरतो, मग घसाऱ्यात विरतो आणि उरलेला एके दिवशी भंगारवाल्याच्या ट्रकबरोबर निघून जातो. हिशेबनीस मंडळी या दोन खर्चांची तुलना कधी एका कागदावर करत नाहीत आणि वारसावाले तर हिशेबाला हातच लावत नाहीत. म्हणून मी इथे वारशाचा शब्दही न काढता, निव्वळ वहीखात्याच्या बाजूने लाकडाची वकिली करणार आहे. ती सरसकट करणार नाही. दीडशे फुटांवरचं लाकूड ही चूक होती असंच माझं मत आहे. ते पुढे येईल.

आधी एक गैरसमज दूर करू. कोस्टर लाकडी की पोलादी हे सांगाड्यावरून ठरत नाही, रुळावरून ठरतं. सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे. इंडियाना राज्यातल्या हॉलिडे वर्ल्ड पार्कातला 2006 चा ‘व्हॉयेज’ही तसाच, पोलादी खांबांवर उभा. लाकडी रूळ म्हणजे पाइनच्या फळ्यांचे एकावर एक ठोकलेले थर आणि त्यावर बसवलेली पोलादाची पट्टी. चाक धावतं ते त्या पट्टीवर. पोलादी कोस्टरचा रूळ म्हणजे वाकवलेली नळी, जी 1959 साली डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’मध्ये पहिल्यांदा आली. थरांचा रूळ भाराखाली किंचित दबतो, सरकतो, परत येतो. नळी तसं करत नाही. गाडी आता सुटते की काय असं लाकडी कोस्टरवर वाटतं त्यामागे हे दबणं-सरकणं आहे, आणि दरवर्षी सुतार बोलवावा लागतो त्यामागेही तेच. म्हणजे गुण आणि खर्च एकाच ठिकाणून येतात. हे ज्यांना कळलेलं नाही ते ‘मजा तीच ठेवून देखभाल काढून टाका’ अशी मागणी करतात.

विरोधी बाजूचं म्हणणं मात्र हलकं नाही, आणि ते कमी करून सांगण्यात अर्थ नाही. लाकडी रुळावरून हंगामात दररोज सकाळी माणसाला चालत जावं लागतं. सैल बोल्ट, चिरलेली फळी, उचललेली पट्टी नजरेने हेरावी लागते. थंडीत पार्क बंद असताना उताराच्या तळाचे आणि वळणांचे तुकडे उखडून नवे थर ठोकावे लागतात. हे न केल्यास गाडी हादरे देऊ लागते. हादऱ्यांनी रूळ अधिक बिघडतो, बिघडलेला रूळ अधिक हादरे देतो, आणि दोन-तीन हंगामांत लोक मान धरून उतरताना दिसतात. हे काम येणारे सुतार थोडे, त्यांची मजुरी मोठी. आगीचा धोका आहेच: इंग्लंडमधल्या मार्गेटचा 1920 चा ‘सीनिक रेल्वे’ हा लाकडी कोस्टर 2008 साली आगीत सापडला आणि पुन्हा सुरू व्हायला 2015 उजाडलं. शिवाय जाहिरातवाल्यांना लाकडातून फारसं काही मिळत नाही. पोलादी कोस्टर माणसाला पाच वेळा उलटा करतो, सुटताना तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. लाकडी कोस्टर चढतो, उतरतो, वळतो. फलकावर काय लिहायचं?

यावर मराठी माणसाला हमखास सुचणारा दाखला म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर. 1903 च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. लाकडी नांगर बरा, असाच त्यांचा हट्ट. आज त्या हट्टाचं कोणी समर्थन करत नाही. मग लाकडी रुळाचा हट्ट वेगळा कसा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं पोकळ ठरेल. पण उत्तराआधी आकडे पाहू, कारण ‘लोखंड स्वस्त आणि टिकाऊ’ हे नांगराच्या बाबतीत खरं होतं म्हणून कोस्टरच्या बाबतीतही खरं आहे असं गृहीत धरलं जातं.

ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ किंग्ज आयलंड नावाचं पार्क आहे. हा सगळा वाद एका कुंपणात पाहायचा असेल तर याहून चांगली जागा नाही. पार्क 1972 साली उघडलं तेव्हा तिथे ‘रेसर’ नावाचा लाकडी कोस्टर होता, शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन गाड्यांचा, 88 फूट उंच. जॉन अ‍ॅलन या बुजुर्ग अभियंत्याने तो आखला होता. त्या काळात अमेरिकेतले लाकडी कोस्टर धडाधड पाडले जात होते. महामंदीने आणि युद्धाने निम्मं काम केलं होतं आणि उरलेलं शहरांच्या वाढीने चालवलं होतं. लाकूड संपलं, असं तेव्हाही सगळे म्हणत होते. रेसरसमोर रांगा लागल्या आणि इतर पार्कांनीही पुन्हा लाकूड मागवायला सुरुवात केली. 1979 मध्ये तिथेच ‘बीस्ट’ आला. उंची 110 फूट, लांबी 7,359 फूट, जंगलातल्या चढ-उतारांचा पुरेपूर फायदा घेणारा. जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर तो आजही आहे. रेसर धावतो आहे, बीस्ट धावतो आहे, आणि 1972 मधला मुलांचा छोटा लाकडी कोस्टरही नावं बदलत धावतोच आहे.

आता त्याच कुंपणातलं पोलाद पाहा. 1984 मध्ये तिथे ‘किंग कोब्रा’ आला, उभं राहून बसायचा. (हो, उभं राहून बसायचा, त्या काळात ती फॅशन होती.) 2001 नंतर तो बंद. 1987 मध्ये ‘व्होर्टेक्स’ आला, माणसाला सहा वेळा उलटा करणारा. 2019 मध्ये त्याचं आयुष्य संपल्याचं सांगून पार्काने तो काढून टाकला. 2007 मध्ये दुसऱ्या पार्कातून आणून बसवलेला ‘फायरहॉक’ 2018 मध्ये गेला. म्हणजे रेसरच्या डोळ्यांदेखत तीन टिकाऊ कोस्टर आले आणि गेले. प्रत्येक वेळी नवीन यंत्राचे लक्षावधी डॉलर मोजले गेले. ते लक्षावधी डॉलर रेसरच्या सुतारांच्या मजुरीशेजारी लिहून बेरीज करायचा प्रघात मात्र नाही, कारण एक खर्च भांडवली आणि दुसरा महसुली. नवं यंत्र घेतलं तर त्याची किंमत वीस-पंचवीस वर्षांवर पसरवता येते. सुताराचा पगार याच वर्षीच्या नफ्यातून जातो. दर तिमाहीला भागधारकांना तोंड दाखवणाऱ्या व्यवस्थापकाला यातलं काय आवडेल?

खरेदीच्या किमतीतही लाकूड मागे नाही. किंग्ज आयलंडने 2017 मध्ये ‘मिस्टिक टिंबर्स’ हा नवा लाकडी कोस्टर उभारला, खर्च 1.5 कोटी डॉलर. त्याच पार्काचे अलीकडचे पोलादी कोस्टर: 2009 चा ‘डायमंडबॅक’ 2.2 कोटी, 2014 चा ‘बॅन्शी’ 2.4 कोटी. उंची वेगळी, आकार वेगळा, तुलना अगदी काट्यावर होत नाही, हे कबूल. पण 70 ते 90 लाख डॉलरच्या फरकात सुतारांच्या किती हिवाळ्यांचा पगार निघेल याचा अंदाज कोणीही बांधावा.

इथे विरोधक हसून एक नाव घेतील आणि ते त्यांनी घ्यायलाच हवं. याच पार्कात 2000 साली ‘सन ऑफ बीस्ट’ उभा राहिला होता. लाकडी, 218 फूट उंच, वर एक लूप. 2006 मध्ये सांगाड्यातलं लाकूड तडकल्यामुळे झालेल्या अपघातात 27 जण जखमी झाले. लूप काढली, गाड्या बदलल्या, 2009 मध्ये तो बंदच केला आणि 2012 मध्ये पाडला. बारा वर्षांत खेळ खलास. मग लाकूड टिकाऊ कसं?

आता उंच्या शेजारी मांडून पाहा. रेसर 88, बीस्ट 110, मिस्टिक टिंबर्स 109. सन ऑफ बीस्ट 218, म्हणजे मिस्टिक टिंबर्सच्या बरोबर दुप्पट. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत असेल तर उंची दुप्पट झाली की तळाशी पोचणाऱ्या गाडीची ऊर्जाही दुप्पट होते. ती ऊर्जा झेलायची कोणी? फळ्यांच्या थरांनी आणि त्यांतून आरपार गेलेल्या बोल्टांनी. ऐंशी-शंभर फुटांच्या उताराला लाकूड झेलतं, थोडं सरकतं, हिवाळ्यात दुरुस्त होतं. दोनशे फुटांच्या उताराला तेच लाकूड एका हंगामातच हार मानतं. 1990 च्या दशकात अमेरिकन पार्कांमध्ये विक्रमांची चढाओढ लागली आणि त्या चढाओढीत लाकडाला पोलादाचं काम सांगितलं गेलं. टेक्सासमधला ‘टेक्सास जायंट’ 1990 चा, 143 फूट. ओहायोतल्याच सीडर पॉइंट पार्काचा ‘मीन स्ट्रीक’ 1991 चा, 161 फूट. सॅन अँटोनियोचा ‘रॅटलर’ 1992 चा, त्याहूनही उंच. तिघेही काही वर्षांत हाडं खिळखिळी करणारे म्हणून बदनाम झाले, तिघांचेही रूळ आज पोलादी आहेत. ‘लाकूड परवडत नाही’ हा निष्कर्ष मुख्यतः या पिढीवरून काढलेला आहे. तो लाकडावरचा निकाल नाही, त्या दशकातल्या मालकांच्या हौसेवरचा आहे.

माझ्या या उंचीच्या युक्तिवादाला छेद देणारं एक उदाहरण मात्र आहे. फ्लोरिडातल्या टँपाचा ‘ग्वाझी’ जेमतेम 105 फुटांचा होता. 1999 मध्ये सुरू झाला, 2015 मध्ये बंद. उंची बेताची, तरीही रूळ बिघडला. का? फ्लोरिडात हवा दमट, पाऊस मुबलक आणि पार्क बारा महिने चालू. ओहायो-पेनसिल्व्हेनियात हिवाळ्याचे चार-पाच महिने रूळ सुताराच्या ताब्यात असतो; टँपात त्याला तेवढी सलग सवड मिळत नाही. लाकडी कोस्टरला हक्काची सुट्टी लागते. ज्या पार्काला ती देता येत नाही त्याने लाकूड घेऊ नये, हे मी आनंदाने मान्य करतो.

पोलादाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मॅटरहॉर्न 1959 पासून चालू आहे. 1989 चा, दोनशे फूट ओलांडणारा पहिला ‘मॅग्नम’ सीडर पॉइंटला अजून धावतो. पोलाद लवकर मरतं असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की पोलाद देखभालीशिवाय जगतं हा भ्रम आहे. 30 जून 2023 रोजी नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या कॅरोविंड्स पार्कात ‘फ्युरी 325’ या 325 फुटी कोस्टरच्या एका खांबाला आरपार तडा गेलेला दिसला. गाडी जवळून गेली की खांबाची दोन टोकं एकमेकांपासून हलत होती. हे हेरलं पार्कात आलेल्या एका पाहुण्याने. कोस्टर जेमतेम आठ वर्षांचा होता. लाकडाचा बिघाड आवाज करतो, हादरे देतो, पाहणाऱ्याला दिसतो. पोलादातला थकवा वेल्डिंगच्या आत बसतो आणि तो शोधायला यंत्रं व विशेष तंत्रज्ञ लागतात. त्यांचंही बिल येतं, फक्त त्यावर ‘सुतारकाम’ असं लिहिलेलं नसतं.

त्याहून मोठी अडचण सुट्या भागांची. पोलादी कोस्टर हा त्याच्या निर्मात्याशी जन्माने बांधलेला असतो. चाकांचा संच, ब्रेक, गाडीचा सांगाडा, नियंत्रणाची प्रणाली, सगळं एका कंपनीच्या आराखड्यातलं. मॅटरहॉर्न, मॅग्नम आणि व्होर्टेक्स बनवणाऱ्या अ‍ॅरो कंपनीचं दिवाळं 2001 मध्ये वाजलं. किंग कोब्रा बनवणारी जपानची टोगो कंपनीही बुडाली. मग उरलेली यंत्रं सांभाळायची कशी? सीडर पॉइंटच्या 420 फुटी ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’चंही पाहा: 2003 मध्ये 2.5 कोटी डॉलर खर्चून उभारला, 2021 मध्ये रांगेतल्या एका बाईला त्यावरून सुटलेला तुकडा लागून गंभीर दुखापत झाली, मग दुसऱ्या कंपनीकडून तो नव्याने घडवून 2024 च्या मे महिन्यात उघडला आणि आठवडाभरात पुन्हा बंद केला. 2025 चा हंगाम येईपर्यंत कोणी त्यात बसलं नाही. लाकडी रुळाला या गुलामगिरीची गरज नाही. फळी फळीच असते. ती कोणत्याही वखारीतून येते आणि काम जाणणारा कोणताही सुतार ती बसवतो. 1902 साली पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनात बांधलेला ‘लीप द डिप्स’ 1985 मध्ये बंद पडला होता. त्याचे निर्माते केव्हाच काळाआड गेले होते. तरी 1999 मध्ये तो दुरुस्त होऊन पुन्हा धावला, कारण दुरुस्तीला करवत, हातोडा आणि अनुभवी हात पुरेसे होते.

मध्यममार्ग म्हणून इन्टामिन या स्विस कंपनीने 2001 पासून कारखान्यात बनवलेला लाकडी रूळ आणला. थर गोंदाने चिकटवलेले, यंत्राने तंतोतंत कापलेले, जागेवर आणून नुसते जोडायचे. प्रवास लोण्यासारखा झाला. जर्मनीतल्या हाइडे पार्कचा ‘कोलोसोस’ त्यातला पहिला. 2016 मध्ये त्याचा रूळ थकला आणि कोस्टर बंद पडला; संपूर्ण रूळ नवा करून उघडायला 2019 उजाडलं. कारण स्पष्ट आहे: थोडं थोडं बदलण्याची सोय गेली की खर्च एकरकमी येतो. लाकूड होतं, पण हिशेब पोलादाचा झाला होता.

उरला प्रश्न संकरित कोस्टरचा. आयडाहोतल्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनने 2011 मध्ये टेक्सास जायंटचा लाकडी सांगाडा ठेवून त्यावर आपला पोलादी रूळ चढवला, खर्च 1 कोटी डॉलर. त्यानंतर रॅटलर, लॉस एंजेलिसजवळचा कोलोसस, ग्वाझी असे एकामागून एक कोस्टर त्यांच्या हाती गेले. मीन स्ट्रीकचा 2018 मध्ये ‘स्टील व्हेन्जन्स’ झाला: 205 फूट, ताशी 74 मैल, चार वेळा उलटा. याला शुद्धतावादी ‘खून’ म्हणतात. मला ते पटत नाही. मीन स्ट्रीक मेलेलाच होता. प्रेताला जिवंत केल्याचा आरोप विचित्र आहे. पण पार्कवाले यालाच ‘लाकडाचं भविष्य’ म्हणतात, ते त्याहून चुकीचं. नव्या रुळाचा सांगाड्याशी संबंध भाडेकरूचा आहे. तो त्या कंपनीचा आहे, तिच्याच गाड्यांसाठी आहे, आणि तीसेक वर्षांनी ती कंपनी असेल की अ‍ॅरोच्या वाटेने गेली असेल, कोणी सांगावं? 1990 च्या दशकातले फसलेले डोंगर सावरायला हा उपाय उत्तम आहे. 88 फुटांच्या रेसरला तो लावणं म्हणजे पडशावर शस्त्रक्रिया. याउलट लाकडी कोस्टरच्या सर्वांत मार खाणाऱ्या मोजक्या तुकड्यांत पोलादी रूळ घालून बाकी लाकूड ठेवण्याची जी पद्धत आता आली आहे, ती मला शहाणपणाची वाटते. सायक्लोनचे खांब पोलादी चालले तर एखाद्या वळणाचा रूळही चालेल.

जपानच्या मिए प्रांतात नागाशिमा स्पा लँड हे पार्क आहे. 1994 मध्ये तिथे ‘व्हाइट सायक्लोन’ हा मोठा लाकडी कोस्टर उभा राहिला. 2018 मध्ये तो बंद झाला आणि 2019 मध्ये त्याच जागी पोलादी रुळाचा ‘हाकुगेई’ आला. त्याच मिए प्रांतात इसेचं देवस्थान आहे. तिथलं लाकडी मंदिर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधतात, जुनं उतरवतात. 2013 मध्ये हे बासष्टाव्यांदा झालं. याला कोणी ‘परवडत नाही’ म्हणत नाही. श्रद्धेचा भाग सोडा, मला त्यातला व्यवस्थेचा भाग महत्त्वाचा वाटतो. वीस वर्षांचं अंतर असं आहे की एक सुतार तरुणपणी हाताखाली राबतो, पुढच्या खेपेला स्वतः काम करतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला दुसऱ्याला शिकवतो. खर्च केल्यामुळेच कसब टिकतं आणि कसब टिकल्यामुळे खर्च आवाक्यात राहतो. अमेरिकेत लाकडी कोस्टरचे सुतार महाग झाले ते त्यांना काम मिळेनासं झालं म्हणून. आधी रूळ पोलादी करायचे आणि मग सुतार मिळत नाहीत म्हणून उरलेलेही पोलादी करायचे, हा युक्तिवाद स्वतःचंच शेपूट खातो.

जिथे हे कसब घरात ठेवलं आहे तिथलं चित्र वेगळं दिसतं. पेनसिल्व्हेनियातलं नोबेल्स हे एका कुटुंबाचं पार्क. आत जायला तिकीट नाही, ज्यात बसाल त्याचे पैसे. 1985 मध्ये या कुटुंबाने टेक्सासमधल्या बंद पडलेल्या पार्कातला 1947 चा लाकडी कोस्टर तुकड्या-तुकड्यांनी उतरवून, क्रमांक घालून, हजारो किलोमीटर वाहून आणला आणि ‘फीनिक्स’ नावाने उभा केला. तो आजही शौकिनांच्या आवडत्या लाकडी कोस्टरांत पहिल्या रांगेत असतो. नवा सर्वांत उंच, सर्वांत वेगवान असा एकही कोस्टर तिथे नाही. हॉलिडे वर्ल्डही कुटुंबाचंच, आणि तिथे रेव्हन, लेजंड, व्हॉयेज असे तीन लाकडी कोस्टर. तिमाही नफ्याचं ओझं नसलं की लाकूड परवडायला लागतं, असा माझा यावरून अंदाज आहे.

आता किर्लोस्करांच्या नांगराकडे. नांगराचं काम जमीन उकरणं. ते लोखंडाने चांगलं होतं, स्वस्तात होतं, आणि उकरलेल्या जमिनीला नांगर कशाचा होता याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून तिथे लाकडाचा हट्ट चुकीचा होता. रेल्वेच्या रुळांखाली सागवानाऐवजी काँक्रीटचे स्लीपर आले तेव्हाही प्रवाशाने तक्रार केली नाही, कारण त्याला पुण्याहून मुंबईला पोचायचं होतं. कोस्टर कुठेच नेत नाही. जिथे बसलो तिथेच उतरायचं. मधल्या दीड-दोन मिनिटांत शरीराला जे जाणवतं तेवढाच त्याचा माल, आणि तो माल लाकडी रुळावर आणि नळीच्या रुळावर एकसारखा निघत नाही. दोन वेगळ्या वस्तूंपैकी एकीचा देखभाल-खर्च जास्त आहे म्हणून ती जुनाट ठरत नाही. व्हायोलिनपेक्षा की-बोर्ड सांभाळायला सोपा असतो, पण म्हणून वाद्यवृंदातून व्हायोलिन काढून टाका असं कोणी सुचवत नाही.

हे सगळं अमेरिकेचं आणि जपानचं झालं. आपल्याकडे काय? खोपोलीच्या इमॅजिकात 2013 पासून असलेला ‘नायट्रो’ स्विस कंपनीचा, पोलादी. देशातल्या बहुतेक मोठ्या पार्कांची हीच तऱ्हा. लाकडी रुळाचा कोस्टर म्हटलं की कोलकात्याच्या निक्को पार्कातला ‘सायक्लोन’ आठवतो, आणि मग बराच वेळ दुसरं नाव सुचत नाही. आणि हिशेब नीट मांडला तर हे उलटं दिसतं. लाकडी कोस्टरच्या खर्चातला मोठा वाटा मजुरीचा, आणि मजुरी अमेरिकेत महाग, इथे नाही. पोलादी कोस्टरच्या खर्चातला मोठा वाटा परदेशी आराखड्याचा, आयात गाड्यांचा आणि आयात सुट्या भागांचा. ते युरो-डॉलरमध्ये मोजावे लागतात. चीनने 2009 पासून अमेरिकन आराखडे घेऊन लाकडी कोस्टर बांधायला सुरुवात केली, ती काही वारशाच्या प्रेमाने नव्हे.

अडचण आहे ती हवेची. खोपोलीसारख्या घाटाच्या पायथ्याशी लाकडी रूळ घालणं म्हणजे ग्वाझीची पुनरावृत्ती, वर वाळवी. शिवाय आपली मंदीची वेळ पावसाळा, आणि नेमकी तीच सुतारकामाला सर्वांत वाईट. म्हणजे देखभालीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत पाच-सहा आठवडे कोस्टर बंद ठेवावा लागेल, दिवाळीची सुट्टी बुडवून. ती बुडवायची तयारी असेल तर पठारावर, कमी पावसाच्या पट्ट्यात, साठ-सत्तर फुटांचा लाकडी कोस्टर आणि त्याच्या दिमतीला कायम पगारावरचे आठ-दहा सुतार, असा प्रकल्प कागदावर मांडून पाहायला हरकत नाही. त्यात गाड्या आणि आराखडा बाहेरून येतील, लाकूडही बहुधा बाहेरूनच. पण दरवर्षीचा खर्च रुपयांत असेल, आणि तो कोणाच्या हातात पडतो हे मालकाला नावानिशी माहीत असेल.